विशेषणांची जोडी आणि क्रियापदाची खुंटी

या खेपेला टपालात एक योगायोग जुळून आला. पाच पत्रं पाच दिशांनी आली, एकमेकांची ओळख असण्याचं कारण नाही, पण दुखणं एकच. इंग्रजीत दोन विशेषणं 'अँड'ने जोडली की शेजारच्या क्रियापदाशी त्यांचं पटत नाही. म्हणून स्पेलिंगवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवलं आहे. त्यांनी रागावू नये.

प्रश्न : बाई, मी एका सीएंच्या ऑफिसात वीस वर्षं आहे. आमच्याकडे काम केलेल्या एका मुलीला दुसरीकडे नोकरी मिळते आहे. तिच्या शिफारसपत्राचा मसुदा साहेबांनी मला करायला सांगितला. मी लिहिलं, 'शी इज सिन्सिअर, पंक्च्युअल अँड वर्क्स हार्ड.' साहेबांनी 'वर्क्स'भोवती पेन्सिलीने गोल केला आणि कागद परत दिला. काय चुकलं विचारलं तर म्हणाले, 'कानाला खटकतं.' माझ्या कानाला अजिबात खटकत नाही. मग चूक कोणाची, कानाची की वाक्याची? – एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : वाक्याची. पण तुमच्या साहेबांचं उत्तरही मला पटलं नाही. चुकीभोवती गोल करायला काय लागतं? मी ते एकतीस वर्षं पगार घेऊन केलं आहे.

तुमच्या वाक्यात 'इज' ही एक खुंटी आहे असं समजा. त्या खुंटीवर तुम्ही तीन पिशव्या अडकवल्यात. आता एकेक पिशवी एकटीच अडकवून बघा. 'शी इज सिन्सिअर' – बसली. 'शी इज पंक्च्युअल' – बसली. 'शी इज वर्क्स हार्ड' – पडली! 'वर्क्स' हे स्वतःच क्रियापद आहे, त्याला दुसऱ्या क्रियापदाची खुंटी कशाला? ते थेट 'शी'शी बांधलेलं असतं. म्हणजे तुमच्या वाक्यात जोडण्या दोन आहेत आणि त्या दोन मजल्यांवर आहेत. वरच्या मजल्यावर 'सिन्सिअर'ला 'पंक्च्युअल' जोडायचं, आणि खालच्या मजल्यावर 'इज'पासून सुरू झालेल्या अख्ख्या तुकड्याला 'वर्क्स हार्ड' हा तुकडा जोडायचा. दोन जोडण्या, म्हणून 'अँड'ही दोन. 'शी इज सिन्सिअर अँड पंक्च्युअल अँड वर्क्स हार्ड.'

इथे वर्गात हमखास एक हात वर यायचा. 'बाई, अँड दोनदा कसा? शेवटच्याच्या आधी एकदाच द्यायचा ना?' तो नियम एका यादीसाठी आहे. इथे यादी एक नाही. एकाच यादीत आंबे, पेरू आणि 'बाजारात जाते' असं आपण लिहीत नाही.

आता तुमचा कान का गप्प बसला ते सांगते, कारण खरी गंमत तिथेच आहे. तुम्ही मनात मराठी वाक्य म्हटलंत : 'ती प्रामाणिक, वक्तशीर आणि कष्ट करणारी आहे.' हे वाक्य निर्दोष आहे. 'करते' या क्रियापदाला '-णारी' लावून आपण त्याचं विशेषण करून टाकलं, त्यामुळे ते 'आहे'च्या खुंटीवर बिनतक्रार बसलं. मराठीत ही सोय इतकी सहज आहे की आपण ती वापरतो हेच आपल्याला कळत नाही. मदत करणारी, सांभाळून घेणारी, वेळेवर येणारी, कुठल्याही क्रियापदाला '-णारी' लावा, झालं विशेषण. इंग्रजीत उतरताना तुमच्याकडून ती '-णारी' वाटेत सांडली, 'वर्क्स' तेवढं पोचलं, आणि यादी मात्र मराठीतली तशीच राहिली. म्हणून तुमच्या कानाला खटकलं नाही. कान मराठी वाक्य ऐकत होता.

यावर एक घरगुती परीक्षा आहे. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मराठीत 'असून' घालून बघा. वधूवरांच्या जाहिरातींनी हा शब्द बदनाम केला आहे हे खरं, पण व्याकरणात तो फार कामाचा आहे. 'ती प्रामाणिक आणि वक्तशीर असून भरपूर कष्ट घेते.' जिथे 'असून' बसला तिथे इंग्रजीतला दुसरा 'अँड' उभा राहतो आणि त्याच्यापुढे नवं क्रियापद येतं. उलट 'ती प्रामाणिक, वक्तशीर आणि कष्टाळू आहे' या वाक्यात 'असून'ची गरजच पडत नाही. मग तिथे एका 'अँड'वर भागतं : 'सिन्सिअर, पंक्च्युअल अँड हार्डवर्किंग.' तुमच्या पत्रासाठी मी हेच सुचवीन. आटोपशीर आहे, आणि साहेबांना गोल करायला जागा उरत नाही.

मजा अशी की 'बट' आला की हीच माणसं चुकत नाहीत. 'ही इज पुअर बट हेल्प्स एव्हरीवन' हे सातवीतलं पोरही बरोबर लिहितं. 'गरीब आहे पण मदत करतो' असं आपण मराठीतही दोन क्रियापदं घालूनच बोलतो ना, म्हणून.

'वर्क्स'मधला शेवटचा 'एस'सुद्धा सांभाळा. मधे दोन विशेषणं आली की कर्ता लांब पडतो आणि लोक 'अँड वर्क हार्ड' लिहून मोकळे होतात. कर्ता लांब गेला तरी नातं तुटत नाही. दुसऱ्या 'अँड'आधी स्वल्पविराम द्यायचा का? एकाच कर्त्याच्या दोन क्रियापदांमध्ये एरवी देत नाहीत. इथे दोन 'अँड' एकमेकांना चिकटून वाचणारा अडखळत असेल तर दिला तरी चालतं. मी देत नाही.

आणि एक. खुंटीवर बसणारी गोष्ट विशेषणच असली पाहिजे असं नाही. 'ही इज टायर्ड अँड वेटिंग आउटसाइड' यात एक विशेषण आहे आणि एक 'आयएनजी' रूप, तरी दोन्ही 'इज'वर नीट बसतात. 'शी इज अ डॉक्टर अँड व्हेरी प्राउड ऑफ इट' यात नाम आणि विशेषण शेजारी बसलंय. शब्दाची जात बघू नका, तो खुंटीवर एकटा बसतो का तेवढं बघा.

हे सगळं मी जन्मतः शिकून आले नाही. नोकरीला लागून सहाएक वर्षं झाली असतील, तेव्हा भाचीचा बायोडेटा इंग्रजीत करायचं काम घरात इंग्रजीची बाई म्हणून माझ्याकडे आलं. स्थळ अमेरिकेतलं होतं. 'सुस्वरूप, घरगुती वळणाची, गाणं उत्तम' याचं मी केलं : 'शी इज फेअर, होमली अँड सिंग्ज वेल.' मुलाकडून कागद परत आला तेव्हा त्यावर दोन ठिकाणी खुणा होत्या. 'सिंग्ज'ची चूक आता तुम्हाला कळेल. 'होमली'ची मला तेव्हा शब्दकोश उघडल्यावर कळली. आपल्याकडे घरगुती म्हणून वापरतात तो शब्द अमेरिकेत दिसायला यथातथा असलेल्या माणसाला लावतात. लग्न दुसरीकडे झालं. कुठल्या खुणेमुळे, ते कोणी सांगितलं नाही.

प्रश्न : बाई, मी बारावीत आहे. मित्रांबरोबर केलेल्या सिंहगडच्या ट्रेकवर निबंध लिहिला. त्यात 'वी केम डाउन टायर्ड अँड हंग्री' असं लिहिलं. क्लासच्या सरांनी ते कापून 'टायर्डली अँड हंग्रिली' केलं. म्हणाले, क्रियापदानंतर आलंय म्हणजे क्रियाविशेषणच हवं. कोणाचं बरोबर? – एक विद्यार्थी, धायरी

उत्तर : तुझं. सरांना हा अंक दाखवू नकोस, बारावीचं वर्ष आहे.

क्रियाविशेषण क्रिया कशी झाली ते सांगतं. तुम्ही हळू उतरलात, जपून उतरलात, धडपडत उतरलात, ही उतरण्याची तऱ्हा झाली. पण दमलं कोण? उतरणं दमलं का? दमलात तुम्ही. 'टायर्ड अँड हंग्री' ही जोडी 'केम डाउन'च्या मागे उभी असली तरी बोलतेय 'वी'बद्दल. उतरताना तुमची अवस्था काय होती, तेवढंच ती सांगते. 'हंग्रिली' वापरायचंच असेल तर त्याची जागा गडावर आहे. झोपडीत चुलीवर भाकरी थापणाऱ्या मावशींकडे आणि शेजारच्या पिठल्याच्या पातेल्याकडे तुम्ही ज्या नजरेने बघत होतात, ते बघणं 'हंग्रिली'. तिथे बघण्याची तऱ्हा सांगायची आहे.

मराठीत आपण याला '-ऊन' लावून टाकतो. 'दमूनभागून गड उतरलो.' 'आम्ही दमलेले आणि भुकेलेले गड उतरलो' असं कोणी म्हटलं तर ऐकणारा विचारील, हे कुठून भाषांतर केलंस? म्हणजे आपल्याकडे ती अवस्था क्रियापदाच्या वेशात येते, इंग्रजीत विशेषणाच्या. सरांचा घोटाळा बहुधा इथेच झाला. 'दमून' हे अव्यय आहे, म्हणून त्यांनी इंग्रजीतही अव्यय शोधलं.

पण सगळीच विशेषणं अशी क्रियापदामागे उभी राहत नाहीत. टायर्ड, हंग्री, वेट, ड्रंक, अलाइव्ह अशी येणारी-जाणारी अवस्था असेल तरच जमतं. 'ही केम होम टॉल अँड इंटेलिजंट' असं लिहिलंस तर वाचणारा चक्रावेल, कारण उंची आणि बुद्धी घरी येताना बरोबर आणायच्या वस्तू नव्हेत. वसतिगृहात दोन वर्षं राहून पोरगा ताडमाड होऊन परत आला असेल तर 'टॉल' चालून जाईल. बुद्धीची खात्री नाही.

आता यातली खरी अडचण. 'चिडलेला'सारखं मराठी विशेषण ज्याच्याबद्दल बोलतं त्याचं लिंगवचन अंगावर घेऊन फिरतं, त्यामुळे ते कोणाचं ते लगेच ओळखू येतं. 'चिडलेली' म्हटलं की ती, 'चिडलेला' म्हटलं की तो. इंग्रजी विशेषणाच्या अंगावर असली काही खूण नसते. 'शी लेफ्ट हिम अँग्री अँड अपसेट.' चिडलं कोण? ती चिडून निघून गेली, की ती गेली आणि तो चिडलेला मागे राहिला? वाक्य दोन्ही सांगतं. ती चिडली असेल तर जोडी उचलून वाक्याच्या तोंडाशी आण : 'अँग्री अँड अपसेट, शी लेफ्ट हिम.' तोंडाशी आलेली जोडी कर्त्याची होते.

आणि म्हणूनच तोंडाशी जोडी ठेवलीस की लगोलग खरा कर्ता आण. तुझ्याच निबंधात शेवटी आहे, 'टायर्ड अँड हंग्री, द बस टुक अस होम.' बस दमलेली असते हे मी मान्य करीन, पण भुकेली? 'टायर्ड अँड हंग्री, वी टुक द बस होम' कर. हे सरांच्या नजरेतून सुटलं वाटतं.

प्रश्न : लंडनला असलेला माझा भाचा दर फोनला 'नाइस अँड हॉट टी' मिळत नाही म्हणून रडतो. मी त्याला लिहिलं, 'कम टू पुणे, आय विल गिव्ह यू अ नाइस अँड हॉट कप ऑफ टी.' त्याची इंग्रज बायको हसली म्हणे. यात हसण्यासारखं काय आहे? – एक गृहिणी, नारायण पेठ

उत्तर : हसण्यासारखं फार नाही. सुनेला चहा पाजा, विसरेल.

'द टी इज नाइस अँड हॉट' म्हणताना इंग्रज माणूस चहाचे दोन गुण सांगत नसतो. चहा छान आहे आणि शिवाय गरम आहे, असं नाही. हवा तसा, चांगला कढत आहे, एवढंच. 'नाइस अँड' हे दोन शब्द मिळून 'हॉट'चं माप सांगतात. दिसायला विशेषणांची जोडी, काम मात्र क्रियाविशेषणाचं. 'द रूम इज नाइस अँड वॉर्म', 'वी गॉट देअर नाइस अँड अर्ली' सगळं त्याच घरातलं. त्याचा थोरला भाऊ 'गुड अँड'. 'आय विल कम व्हेन आय ॲम गुड अँड रेडी' म्हणजे मी गुणी झाले की येईन असं नाही, माझं पुरतं आवरलं की येईन, आणि घाई केलीत तर मुळीच येणार नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात 'चहा चांगला गरम दे' म्हणता तेव्हा तुम्ही काय करता? त्या 'चांगला'चा चवीशी संबंध नसतो. 'चांगलाच आजारी होता', 'चांगलाच मार बसला' यात तर चांगलं काहीच नाही. फरक एवढाच की आपण मधे 'आणि' घालत नाही आणि ते घालतात.

पण हा मापवाला 'नाइस अँड' क्रियापदामागेच शोभतो. नामाच्या आधी आणला की त्याचं माप हरवतं आणि सुटे सुटे दोन गुण ऐकू येतात. नामाआधी 'अँड' काढून टाका : 'अ नाइस हॉट कप ऑफ टी.'

प्रश्न : 'रीच्ड होम सेफ अँड साउंड' मध्ये 'साउंड' म्हणजे आवाज का? आणि 'साउंड अँड सेफ' लिहिलं तर मार्क कापतील का? – एक पालक, बिबवेवाडी

उत्तर : आवाज नव्हे. हा 'साउंड' वेगळ्या मुळाचा शब्द आहे, अर्थ धडधाकट. जर्मनमध्ये निरोगी माणसाला आजही 'गेझुंट' म्हणतात, तो याचाच नातेवाईक. 'सेफ' मात्र फ्रेंचमधून आला. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबारात, कोर्टकचेरीत फ्रेंच आणि शेतात, स्वयंपाकघरात इंग्रजी असा कारभार होता. खटले इंग्रजीत चालवावेत असा कायदा १३६२ मध्ये झाला. एवढा काळ दोन भाषा एका घरात नांदल्यावर एकाच अर्थाचे दोन शब्द, एक इकडचा एक तिकडचा, जोडीने फिरू लागले तर नवल नाही. आपल्याकडे फारसीने हेच केलं. बाजारहाटातला 'बाजार' फारसी आणि 'हाट' आपला, लाजशरमेतली 'लाज' आपली आणि 'शरम' फारसी, धनदौलतीतलं 'धन' संस्कृत आणि 'दौलत' फारसीच्या वाटेने आलेली अरबी.

क्रम बदलू नका. 'हाटबाजार' म्हटल्याने व्याकरण मोडत नाही, पण तुम्ही बाहेरगावचे ठरता. तसंच ते. 'सेफ अँड साउंड'ला मराठीत मात्र जोडी लागत नाही, 'सुखरूप' या एका शब्दात काम होतं.

प्रश्न : एका संस्थेत प्रकल्पप्रमुखाच्या जागेसाठी अर्ज करतोय. 'आय ॲम इंटरेस्टेड अँड केपेबल ऑफ लीडिंग अ टीम' आणि 'आय ॲम एबल अँड विलिंग टू ट्रॅव्हल' ही दोन वाक्यं आहेत. मित्र म्हणतो पहिलं चूक, दुसरं बरोबर. मला दोन्हींची बांधणी सारखीच दिसते. – एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : मित्राचं बरोबर आहे. इथे विशेषणं मागच्या खुंटीवर नीट बसली आहेत, प्रश्न त्यांच्या पुढे काय लटकतं त्याचा आहे. 'एबल'ला पुढे 'टू' लागतो, 'विलिंग'लाही 'टू'च लागतो. दोघांची गरज एक, म्हणून एका 'टू'वर दोघांचं भागतं आणि 'ट्रॅव्हल' दोघांनाही मिळतं. 'केपेबल'ला 'ऑफ' लागतो, पण 'इंटरेस्टेड'ला 'इन'. तुम्ही 'इंटरेस्टेड'ला 'ऑफ'वर उपाशी ठेवलंत. ज्याचं त्याला द्या : 'आय ॲम इंटरेस्टेड इन अँड केपेबल ऑफ लीडिंग अ टीम.' बोलताना जरा अडखळायला होतं, पण कागदावर हेच.

दोघांना 'टू' लागला म्हणजे जमलंच, असंही समजू नका. भाषाशास्त्रात नोम चॉम्स्की यांच्यामुळे गाजलेली दोन वाक्यं आहेत : 'जॉन इज ईगर टू प्लीज' आणि 'जॉन इज इझी टू प्लीज'. बाहेरून जुळी, आतून उलटी. पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतोय, दुसऱ्यात जॉनला खूश करणं सोपं आहे. म्हणून 'जॉन इज ईगर अँड इझी टू प्लीज' अशी जोडी लावली की वाक्य लंगडतं. एकाच 'प्लीज'ला जॉन एकदा कर्ता हवा असतो आणि एकदा कर्म. मराठीतही हा सापळा आहे. 'कोंबडी खायला तयार आहे' म्हटल्यावर दाणे टाकायचे की ताटं घ्यायची ते स्वयंपाकघराकडे बघूनच ठरवावं लागतं.

तुमच्या अर्जाची मुदत हा अंक निघायच्या आधीच संपत होती, म्हणून 'इन'चं मी तुम्हाला फोनवर सांगितलंच होतं. कोंबडीचं तेव्हा राहिलं.